यादीतलं एक घर

काही काढून टाकायची वेळ आली की दादा आधी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलायचे. पोलिसांनी पकडल्यासारखे, चक्क खांद्यापर्यंत वर. मग स्क्रीनकडे बघत विचारायचे, "हा कुठं कुठं हाय?"

नवीन आलेला माणूस हे बघून हसायचाच. मीही हसले होते. एक कॉम्प्युटर यादीतून काढायचा तर त्यात एवढा विचार कसला? बटण दाबलं, संपलं. तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल, गॅस बंद आहे का हे तीनदा बघून येणारा. दादा मला त्याच जातकुळीतले वाटले होते.

आमचं ऑफिस म्हणजे अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतला एक गाळा. शेठ सिंधी, मूळचे उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधले. तिथे त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, त्यातून हा धंदा वाढला. आसपासचे कारखाने, दवाखाने, शाळा यांचं नेटवर्क आम्ही सांभाळतो. दादा दुकानापासून शेठबरोबर होते. वय पन्नाशीला टेकलेलं, बदलापूरजवळच्या एका गावात घर, शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं, आणि बोलणं शेवटपर्यंत गावचं. मला ते पहिल्या दिवसापासून 'बाय' म्हणायचे. आमच्याकडे गावाकडे लेकीबाळींना म्हणतात तसं.

आमच्या कामातली एक गोष्ट सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. फायरवॉल म्हणजे नेटवर्कच्या दारावर बसलेला वॉचमन. कोणाला कुठे जाऊ द्यायचं याचे नियम त्याला लिहून द्यावे लागतात. प्रत्येक कॉम्प्युटरला आकड्यांचा एक पत्ता असतो. आता कॉम्प्युटर चौदा आणि नियम अकरा असले, तर प्रत्येक नियमात ते चौदा पत्ते पुन्हा पुन्हा कोण लिहीत बसणार? म्हणून पत्त्यांची एकच यादी करायची, तिला नाव द्यायचं आणि अकराही नियमांत फक्त ते नाव लिहायचं. यादीत एक पत्ता घातला की त्याला अकराही दारं उघडतात. एक पत्ता काढला की अकराही बंद. आवाज होत नाही, दिवा लागत नाही, काही नाही.

दादांच्या याद्यांची नावं सगळ्या ऑफिसात प्रसिद्ध होती. आम्ही सगळे इंग्रजीत कायतरी भारदस्त ठेवायचो. दादांच्या याद्या 'घरचे', 'सोयरे' आणि 'पावणे'. एकदा तपासणीला आलेल्या माणसाने शेठना विचारलं, हे 'पावणे' काय आहे? शेठ दादांच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"अरे साईं, ये पावणे कोण आहेत? तो आदमी विचारतोय!"

"बाहेरून दुरुस्तीला येतात ते, शेठ. येनार, काम करनार, जानार. मुक्काम नाय."

तपासणीवाल्याने हे वाक्य इंग्रजी करून आपल्या कागदात लिहून घेतलं. याहून नेमकं त्यालाही सुचलं नसणार.

मला कामावर लागून जेमतेम दोन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. एका रक्ततपासणीच्या लॅबचं काम माझ्याकडे होतं. उल्हासनगरला मुख्य लॅब, अंबरनाथ आणि बदलापूरला रक्त घ्यायची केंद्रं. त्यांची 'घरचे' ही यादी बघताना मला एक पत्ता सापडला. त्या पत्त्यावरचा कॉम्प्युटर महिनाभर एक अक्षर बोललेला नव्हता. नेटवर्कवरून त्याला हाक मारून पाहिली तरी उत्तर नाही. मी समजले, मेला असणार. दादा त्या दिवशी बाहेर गेले होते. मी हात वर न करता तो पत्ता काढून टाकला आणि यादी कशी स्वच्छ केली म्हणून स्वतःवरच खूश झाले.

आठ दिवस काही झालं नाही. नवव्या दिवशी सकाळी लॅबच्या मॅडमचा फोन आला. बदलापूरच्या केंद्रातला फ्रिज बंद पडला होता आणि आत ठेवलेलं नऊ जणांचं रक्त नासलं होतं. फ्रिज तापला की डॉक्टरांच्या मोबाइलवर निरोप जायला हवा होता, तो गेलाच नाही. तो निरोप धाडण्यासाठी एक जुनाट कॉम्प्युटर केंद्राच्या कोपऱ्यात ठेवलेला होता. फ्रिज नीट चालू असेल तोवर तो कोणाशी बोलत नसे, कोणी हाक मारली तर ओ देत नसे. त्याचं कामच तेवढं होतं. ज्या दिवशी त्याला बोलायचं होतं, त्या दिवशी मी त्याची सगळी दारं बंद करून ठेवलेली होती.

खरं सांगते, त्या फोनपेक्षा मोठा धक्का मला दादांचा चेहरा बघून बसला. मी सगळं सांगितलं तेव्हा ते ओरडले नाहीत. पांढरे पडले. टेबलाची कड धरून खुर्चीत बसले. मला वाटलं, यांनाच काहीतरी होतंय. नऊ माणसांचं रक्त पुन्हा घ्यावं लागणार, ही काही जीव जाण्याइतकी गोष्ट नव्हती. पण दादा असे दिसत होते जसं काही मी कोणाला मारून आले आहे.

थोड्या वेळाने ते उठले. "चल बाय. त्या नऊ घरी जायचं."

"दादा, मॅडम फोन करतायत सगळ्यांना."

"फोन नको. आपन काढला ना? आपन जाऊन सांगायचं."

मग आम्ही दोघं माझ्या स्कूटीवर बदलापूरला गेलो. दादा मागे बसलेले, हातात नऊ नावांचा कागद. प्रत्येक दारात बेल वाजवायची आणि सांगायचं, तुमचं रक्त आमच्या चुकीने खराब झालं, पुन्हा द्यावं लागेल, माफ करा. एका आजोबांनी आम्हाला उभ्याउभ्या झापलं. एका बाईने पाणी दिलं. एका घरात पंधरा मिनिटं हेच पटवण्यात गेली की रक्त पुन्हा हवंय याचा अर्थ रोग मोठा आहे असा नाही. मला वाटत होतं, जमिनीने पोटात घ्यावं. नववं घर झालं आणि मी सुटकेचा श्वास टाकला, तेव्हा दादा म्हणाले, "सोनिवली इथून जवळ हाय. अजून एक घर करू. हे माझं."

सोनिवलीत नव्या इमारती उभ्या राहतायत. त्यातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर दादांनी बेल वाजवली. आतलं दार उघडलं, जाळीचं दार बंदच राहिलं. जाळीमागे हिरव्या नऊवारीतली एक सत्तरीची बाई.

"काकी, मंगळवारी घरी पूजा हाय सत्यनारायनाची. या."

काकींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. दादांनी खिशातून अक्षतांची पुडी काढून उंबऱ्याबाहेर ठेवली, वाकून नमस्कार केला आणि वळले. "आफिसातली हाय, माझ्यासंगं काम करते," एवढं मात्र जाता जाता माझ्याकडे बोट करून सांगितलं. दार लागलं.

खाली आल्यावर मी विचारलंच. इमारतीच्या गेटबाहेर वाळूच्या ढिगाऱ्याशेजारी उभं राहून दादांनी मला सांगितलं. सांगताना एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यांच्या गावात दीडशेच्या आसपास घरं. हळद, लग्न, बारसं, पूजा, जत्रेची वर्गणी, मयत, काहीही असो, घरोघर निरोप जाणार. पूर्वी एक म्हातारा सगळी घरं तोंडपाठ म्हणत फिरायचा. तो गेल्यावर पंचाईत झाली. दादा तेव्हा नुकतेच कॉम्प्युटरचा कोर्स करून आले होते. त्यांनी सगळ्या घरांची यादी टाइप केली, तिच्या प्रती काढून देवळात दिल्या, मंडळाला दिल्या, बचतगटाला दिल्या, पत्रिका वाटणाऱ्या पोरांना दिल्या. वर्षाला नवी प्रत. एकदाच लिहायचं, सगळ्यांनी वापरायचं. गावाने कौतुक केलं. त्यांना कोण अभिमान!

या काकी म्हणजे दादांची सख्खी चुलती. दादांची आई सतत आजारी, म्हणून लहानपणी यांनीच त्यांना अंगाखांद्यावर वाढवलं. पुढे काका-काकी गावातलं घर बंद करून सोनिवलीच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. बैलगाडीने जाता येईल एवढंच अंतर. एका लग्नाच्या पत्रिका वाटून आलेली पोरं दादांना म्हणाली, त्या घराला कुलूप आहे. दादांनी ती ओळ यादीतून काढली.

"घराला कुलूप होतं, बाय. मानसांना नव्हतं. ते माझ्या ध्यानातच आलं नाय."

त्यानंतर काका-काकींना हळदीचं बोलावणं गेलं नाही, जत्रेचं गेलं नाही, कोणाच्या मयताचा निरोप गेला नाही. काकांना वाटलं, गावाने आपल्याला काढलं. पूर्वी काका आणि दादांचे वडील या दोघा भावांत जमिनीच्या वाटणीवरून कुरबुर झालेली होती, म्हणजे हे भावाचंच काम. मानी माणूस. विचारायला गेले नाहीत. इकडे दादांच्या घरी वाटत होतं, मोठा भाऊ अजून रागावलाय, म्हणून कुठल्या कार्याला येत नाही. अशी तीन वर्षं गेली. तीन वर्षं!

तिसऱ्या वर्षी काका वारले. काकींनी गावात कोणाला कळवलं नाही. इमारतीतले तीन शेजारी आणि वॉचमन यांनी खांदा दिला. दादांना आठव्या दिवशी दूधवाल्याकडून कळलं.

"ज्या दिवशी काका गेलं," दादा म्हणाले, "त्या दिवशी आमच्या गल्लीत हळद होती. मी नाचत होतो बाय. सख्खा चुलता गेलेला, सुतक लागलेलं, आनि मी बेंजोवाल्यांपुढं नाचत होतो."



दादा तसेच धावत सोनिवलीला गेले होते. जाळीच्या दारामागून काकी म्हणाल्या, गावाने आम्हाला काढलं, मग आम्ही गावाला कशाला सांगू? तेव्हा दादांनी सांगून टाकलं की गावाने नाही, मीच काढलं, घर बंद दिसलं म्हणून. "तू?" एवढंच म्हणाल्या. दादा म्हणाले, आजच यादीत परत घालतो. त्यावर काकींनी बजावलं, "आता नको. यादीत नको माझं घर." आणि दार लावलं.

तेव्हापासून दादांनी काकींचं घर यादीत घातलं नाही आणि कुठलंही कार्य त्यांना सांगायचं चुकवलं नाही. पत्रिका असो, पूजा असो, कोणाचं मयत असो, स्वतः जायचे. बेल, जाळीचं दार, "काकी, या." काकी कधी आल्या नाहीत. जाळीचं दार कधी उघडलं नाही. मी त्यानंतरही दोन-तीनदा त्यांना सोडायला गेले, म्हणून छातीवर हात ठेवून सांगू शकते. एकदा मी चिडून म्हटलं, "दादा, किती वर्षं हे? त्या येणार नाहीत."

"काढायला एक बटन लागलं. घालायला टाइम लागनारच ना."

आणि वर हसले! मला तर रडू येत होतं.

सहा वर्षं आम्ही शेजारच्या टेबलांवर काम केलं. हात वर करायची सवय मलाही लागली. मग यंदाच्या एका गुरुवारी सकाळी साडेनऊला शेठचा फोन आला. "वो गया," म्हणाले, "दादा गया." मी विचारलं, कुठे गेले? खरोखर विचारलं. आदल्या संध्याकाळी सहाला ते माझ्यासमोर उठून गेले होते. जेवणाचा डबा टेबलावर विसरलेले, तो मी उद्या देईन म्हणून बाजूला ठेवला होता. पहाटे छातीत दुखलं, रिक्षा दारात येईपर्यंत संपलं होतं.

मी गावात पोहोचले तेव्हा घरासमोर माणूसच माणूस. दादांच्याच यादीवरून मोबाइलवर निरोप गेला होता, अर्ध्या तासात सगळ्या गावाला कळलं होतं. बांबू आले होते. लोक म्हणत होते, बाराच्या आत उचलू. मी वहिनींजवळ जाऊन बसले. वहिनी म्हणजे दादांची बायको. त्यांचा हात हातात घेतला आणि कुठून आठवलं कोण जाणे, मी विचारलं, "वहिनी, काकींना सांगितलं?"

वहिनींच्या डोळ्यांतलं पाणी जागीच थांबलं.

"ते यांचंच काम होतं गं," त्या म्हणाल्या.

दीडशे घरांना निरोप गेला होता. ज्या एका घराला तो माणूस स्वतः जाऊन सांगायचा, तिथे जायला तोच उरला नव्हता. मी उठले. कोणालातरी ओरडून सांगितलं, मी आल्याशिवाय उचलू नका. एवढ्या जुन्याजाणत्या माणसांत बाईमाणसाने असं ओरडायला नको होतं, पण ओरडले. स्कूटी कशी चालवली आठवत नाही.

तिसरा मजला. बेल. आतलं दार उघडलं, जाळीचं बंद. काकींनी मला ओळखलं. माझ्या मागे जिन्याकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"एकलीच आलीस? तो कुठाय? सोताच येतो नेहमी. आज तुला धाडलं?"

जाळीला धरून मी नुसती उभी राहिले. काकी माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांचा हात कडीकडे गेला. इतक्या वर्षांत न उघडलेलं ते दार त्यांनी उघडलं, चपला न घालता बाहेर आल्या आणि माझा दंड घट्ट धरला. "चल," म्हणाल्या. स्कूटीवर माझ्यामागे त्या आयुष्यात पहिल्यांदा बसल्या असाव्यात. सगळी वाट त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतलेली होती.

अंगणात लोक थांबलेले होते. काकींना बघून म्हाताऱ्या बायांनी तोंडाला पदर लावला. वाट आपोआप झाली. काकी दादांच्या उशाशी बसल्या, तुळशीच्या पानाने तोंडात पाणी घातलं, कपाळावरचे केस मागे सारले.

"आले रे," त्या म्हणाल्या. "आले बघ."

मी इतकी मयतं पाहिली आहेत, पण असं रडणारं अंगण पाहिलं नाही. शेठ भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडत होते.

चार दिवसांनी ऑफिसात शेठनी मला दादांच्या घरच्या कॉम्प्युटरचा पत्ता आमच्या ऑफिसच्या 'घरचे' यादीतून काढायला सांगितलं. नियमच आहे तसा. दादा सुट्टीच्या दिवशी घरून काम बघायचे, त्यासाठी तो घातलेला होता. मी हात वर केले. शेठ मागे उभे होते. त्यांनीही वर केले. मग म्हणाले, "छोड़ बाबा, तेराव्या नंतर बघू."

तेराव्याच्या निमंत्रणासाठी वहिनींनी माझ्याकडे गावाची मूळ यादी मागितली. ती दादांच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर होती. मी तिची प्रत मोबाइलवर घेतली, वहिनींना पाठवली आणि काकींचं घर तीत नाही हे माहीत असल्यामुळे सोनिवलीला स्वतः गेले. या वेळी जाळीचं दार उघडंच होतं. काकींनी आत बसवलं, कोरा चहा दिला.

"काकी, मंगळवारी तेरावं आहे. या," मी म्हटलं.

काकींनी मान हलवली. मग पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाल्या,

"ती यादी तुझ्याकडं हाय का बाय?"

"आहे. मोबाइलमध्येच आहे."

"मंग घाल त्यात माझं घर. सांगायला येनारा तर गेला."

मी यादी उघडली. शेवटच्या ओळीखाली काकांचं आणि काकींचं नाव लिहिलं. पुढे पत्त्याचा रकाना होता, तिथे अडले.

"पत्ता कुठला लिहू, काकी? हा, की गावातला?"

"गावातला," काकी म्हणाल्या.